डोमाजीची राखीव खुर्ची

क्षमा करणं मला फारसं जमत नाही, हे आधीच सांगून टाकतो. तीस वर्षं मास्तरकी केली, पण ज्या मुख्याध्यापकानं मला सख्ख्या भावाच्या लग्नाला रजा नाकारली होती, त्याच्या नावानं मी आजही अधूनमधून बोटं मोडतो. तो माणूस जाऊनही आता बरीच वर्षं झाली. तेव्हा डोमाजीबद्दल मी तटस्थपणे लिहीन, अशी अपेक्षा कुणी ठेवू नये. राग कसा सांभाळावा, त्याची निगा कशी राखावी, हे मी ज्याच्याकडून शिकलो तो हा माणूस.

मी तेव्हा भंडाऱ्याजवळच्या शहापूरला होतो. शाळा सुटली की सायकल काढायची आणि हायवेनं भंडारा गाठायचं, असा आठवड्यातून तीनदा तरी नेम असे. भंडाऱ्यात पितळेची भांडी घडवणाऱ्यांची एक बोळ होती. दिवसभर तिथं ठोक्यांचा इतका गलका असे, की दोन माणसं बोलताना एकमेकांच्या कानाला लागत. त्या बोळीच्या टोकाला डोमाजीचं हॉटेल होतं. आमच्याकडे चार बाकं आणि एक भट्टी असली तरी हॉटेलच म्हणतात. पाच वाजता बोळीतले ठोके थांबायचे, कारागीर हातपाय धुऊन बाकांवर येऊन बसायचे आणि डोमाजी पंच्याला हात पुसून काचेच्या कपाटातून दिवसाची पहिली गाण्याची तबकडी काढायचा.

तिथं चहा, भजी आणि गाणं, एवढंच मिळायचं. चहा बरा होता. भजी तेलकट असायची. गाणं मात्र नागपूरलाही ऐकायला मिळणार नाही असं असे. कुठल्या कुठल्या जुन्या बैठकीच्या गाणाऱ्या बायका, सारंगी, सनई, सगळं त्या कपाटात होतं. सुताराकडून करून घेतलेल्या दोन लाकडी खोक्यांतून तो आवाज असा यायचा की गाणारी बाई भट्टीपलीकडेच बसलीय असं वाटे.

भिंतीवर पाटी होती. "गाणे चालू असताना बोलू नये. एक तबकडी दिवसातून एकदाच वाजेल. खुर्चीवर बसू नये." एवढीच.

खुर्ची म्हणजे सागवानी, दोन्ही बाजूंना हात असलेली, दोन्ही खोक्यांच्या बरोबर मध्ये ठेवलेली. अख्ख्या हॉटेलात ऐकायला सर्वांत चांगली जागा तीच. डोमाजी ती रोज पुसायचा, आणि गर्दी कितीही असो, तिच्यावर कुणी बसत नसे. मला वाटलं, असेल बापाची नाहीतर गुरूची. माणसं ठेवतात अशी आठवण. मी मनातल्या मनात हातही जोडले होते तिला.

पहिल्याच दिवशी मी घोळ घातला. एका बाईंची ठुमरी संपली आणि मी इतका खूश झालो की, नाटकाला बसल्यासारखा, मोठ्यानं "वन्समोर!" म्हणालो. सगळ्या बाकांवरची तोंडं माझ्याकडे वळली. डोमाजी भट्टीमागून आला. अंगानं सडपातळ, कपाळ मोठं, चेहरा एके काळी देखणा असावा असा. त्यानं माझ्या हातातला अर्धा भरलेला कप काढून घेतला.

"आठ दिवस इकडे फिरकू नोका, गुरुजी," तो म्हणाला.

त्याचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. त्याला आवाज म्हणणंही कठीणच. सुपात कोंडा पाखडावा तशी नुसती खसखस. बोळीतली पोरं हॉटेलाला मुक्याचं हॉटेल म्हणत, ते यामुळेच. मी चिडलो. पण आठ दिवस मोजले आणि नवव्या दिवशी गेलो. त्यानं चहा पुढे ठेवला, साखर जरा जास्तच घालून.

डोमाजीची गोष्ट मला शिवाकाकांनी सांगितली. शिवाकाका त्या बोळीतले सर्वांत म्हातारे कारागीर, ठोके ऐकून ऐकून एका कानानं अधू झालेले, आणि तरी रोज चांगला कान खोक्याकडे करून बसणारे. एका संध्याकाळी मी सायकल हातात धरून निघालो आणि ते माझ्याबरोबर बस स्टँडपर्यंत चालत आले.

"तुम्ही वन्समोर म्हनाले न जी त्या दिवशी? तोच शब्द लागते त्याले," ते म्हणाले. "डोमा दंडारीत गाये. राधेचं काम करे. अड्याळपासून पवनीपर्यंत त्याच्यासारखा गळा नोहता."

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दुकानं लागतात, लेकी माहेरी येतात आणि भर दुपारी उघड्यावर दंडार होते. पुरुषच लुगडी नेसून राधा आणि गवळणी होतात. बहात्तर-त्र्याहत्तरच्या सुमारास अड्याळकडच्या एका गावच्या मंडईत डोमाजीची दंडार होती. त्या गावचे जुने मालगुजार, म्हणजे जमीनदार, भैयाजी पहिल्या रांगेत बसले होते. मालगुजारी केव्हाच गेली होती, पण मान तोच होता. डोमाजीनं गवळण म्हटली. संपली, आणि भैयाजींनी बोट वर केलं. "वन्समोर."

मानाच्या माणसानं वन्समोर दिला तर म्हणावंच लागतं. नाही म्हटलं तर तो गावाचा अपमान, आणि पुढल्या वर्षी त्या भागातून एकही बोलावणं यायचं नाही. दंडारीतल्या अकरा माणसांची हौस आणि मान त्यावर होता. डोमाजीनं पुन्हा म्हटली. पुन्हा बोट वर. तिसऱ्यांदा म्हटली. पुन्हा बोट. लोकांना आधी मजा वाटली, तेही ओरडू लागले. त्याचा गळा आधीच्या दोन मंडयांनी बसत आला होता, अंगात ताप होता. दंडारीच्या म्होरक्यानं हात जोडून भैयाजींकडे पाहिलं. भैयाजींनी वर पाहिलंच नाही.

"तेच त खरं लागलं डोमाले," शिवाकाका म्हणाले. "मी होतो तेथी. मांडीवर शाल घेऊन बसला होता तो मानूस. गानं चालू असलं का मान खाली. संपलं का अजून खाली वाके, पार मांडीले डोकं टेकवे, अन् मंग बोट वर करे. एका खेपेलेही त्यानं डोमाकडे नाही पाह्यलं. आमाले वाटे, हासून राहिला."

अकरा वेळा. अकराव्या वेळी शेवटच्या ओळीला गळा फाटला आणि तोंडातून रक्त आलं. राधेच्या लुगड्यानंच ते पुसलं. नागपूरच्या डॉक्टरनं महिनाभर बोलू नको म्हणून सांगितलं. महिना झाला, वर्ष झालं, आवाज काही परत आला नाही. डोमाजीनं गाव सोडलं, भंडाऱ्याला आला आणि हॉटेल टाकलं.

त्या दिवसानंतर मी डोमाजीकडे नीट पाहू लागलो, आणि मला एकेक गोष्ट दिसू लागली. उदाहरणार्थ, बिनसाखरेचा चहा. अड्याळकडून बाजाराला येणारे चारपाच जण तिथं नेमानं यायचे, आणि त्यांच्यापुढे येणारा चहा नेहमी फिक्का असायचा. त्यातला एक, धानाचा व्यापारी, मला एकदा कुजबुजून म्हणाला, "सात वर्सं झाले, साखर नाही टाकत माह्या कपात. मांगतली त कान नाही देत." त्या दिवशी दंडारीत तोही वन्समोर म्हणून ओरडला होता. हजार माणसांतून डोमाजीनं त्याला हेरला कसा, हे मी विचारलं. डोमाजी म्हणाला, "आवाजावरून." बाकी गाणं इतकं सुंदर लागायचं की तो व्यापारी दर बाजाराला येऊन निमूट तो चहा प्यायचा. मला त्या माणसाची कधी दया आली नाही. उलट तो तोंड वाकडं करून घोट घेई तेव्हा माझा चहा मला अधिकच गोड लागे.

मग खुर्ची. एका पावसाळी दुपारी हॉटेलात मी एकटाच होतो. डोमाजी तबकड्या पुसत बसला होता. मी म्हणालो, "डोमाजी, या सगळ्या तबकड्या तुमच्या आवडीच्या?"

"माह्या?" तो म्हणाला. "मले यातलं अर्ध कळतही नाही जी. भैयाजीच्या आवडीच्या हायेत."

मी कप बाकावर ठेवला.

"त्या मानसाले गान्याची खाज हाय. नागपूर, जबलपूर, कोठी कोठी जाये बैठका ऐकाले. कोनती बाई आवडते, कोनती सारंगी आवडते, त्याच्या जुन्या गड्याकडून मी सारं काढून घेतलं. एकेक हुडकून आनली. आता एवढ्या मुलखात हे दुसरीकडे कोठीच नाही." त्यानं खुर्चीकडे हनुवटी केली. "येईनच कधी तरी. अन् येईन त तेथी बसवीन."

"मग?"

त्यानं एक तबकडी काढली, सर्वांत वरच्या कप्प्यातली, जी मी कधीच ऐकली नव्हती. "ही त्याच्या जिवाची. याच बाईसाठी जबलपूरले जाये. ते बाई सुर घेऊन वर जाते, वर जाते, अन् आता उतरन म्हनता म्हनता मी सुई उचलीन. पुरं नाही ऐकू देनार. मरेपर्यंत त्याच्या डोक्यात ते अर्धच राह्यलं पायजे."

असं सांगताना त्याचा चेहरा इतका शांत होता, की मी थक्क झालो. ज्या जागेला आम्ही सगळे इतकी वर्षं सुखाची जागा समजत होतो, ती एका माणसासाठी लावलेली फासकी होती. आम्ही कारागीर, मास्तर, व्यापारी फुकटात आत शिरलो होतो. खरं सांगतो, मला वाईट वाटलं नाही. मला त्याचा हेवा वाटला. माझा मुख्याध्यापकावरचा राग म्हणजे नुसती धुसफूस. या माणसानं रागाचं एवढं सुरेख घर बांधलं होतं.

वर्षं गेली. कॅसेटी आल्या, पानठेल्यांवर टेपरेकॉर्डर वाजू लागले. डोमाजीकडची गर्दी कमी झाली, पण शिवाकाका होते, फिक्का चहा पिणारा व्यापारी होता, मी होतो. आणि रोज पुसलेली खुर्ची होती. मी कधी चेष्टेनं विचारायचो, "काय डोमाजी, आला का पाहुणा?" तो म्हणायचा, "येईन जी. घाई कोनाले हाय."

तो आला, ते साल चौऱ्याऐंशी की पंच्याऐंशी. उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या होत्या. माझ्या बदलीचा हुकूम हातात पडला होता आणि मी त्या बोळीचा निरोप घ्यायला म्हणूनच आलो होतो. नुकतेच पाच वाजले होते, ऊन अजून भिंतीवर होतं. बोळीच्या तोंडाशी ऑटो थांबली आणि एक म्हातारा उतरला. पांढरं धोतर, अंगात काही उरलेलं नाही, छातीशी एक पिशवी धरलेली. तो वाटेत दोनदा थांबला. मी त्याला ओळखलं नाही. पण शिवाकाकांचा कप ओठांपाशीच राहिला, आणि मी समजलो.

डोमाजीनं पंचा घेतला, सकाळी पुसलेली खुर्ची पुन्हा पुसली.

"बसा जी, भैयाजी."

म्हातारा बसला. मी बाकावर जरा पुढे सरकलो, त्याचा चेहरा नीट दिसावा म्हणून. लपवण्यात अर्थ नाही, मला उकळ्या फुटत होत्या.

डोमाजीनं वरच्या कप्प्यातली तबकडी काढली, लावली. बाईंचा आवाज सुरू झाला आणि भैयाजींचे डोळे मिटले. खुर्चीच्या हातावर त्यांची बोटं ठेका धरू लागली. आवाज वर चढत गेला, आणखी वर गेला, आता खाली येणार, आता येणार, आणि डोमाजीनं सुई उचलली.

मी टाळी वाजवता वाजवता राहिलो.

भैयाजींनी डोळे उघडले. भिंतीवरची पाटी वाचली. मग म्हणाले, "बरोबर केलं तू, डोमा. पन मी हे ऐकाले नाही आलो."

त्यांनी पिशवीतून चामड्याच्या कव्हरातला एक टेपरेकॉर्डर काढला. जुन्या तऱ्हेचा, पुढे बटणं असलेला.

"जावयानं मुंबईहून आनला होता, मंडईच्या आधी. गावात कोनाले सांगतलं नोहतं. म्हटलं, डोमाची गवळन भरून घेऊ अन् संध्याकाळी साऱ्यायले ऐकवू, चकित करू. शालीखाली हाच होता."

डोमाजी उभाच होता.

"भराचं असलं त दोन बटनं संग दाबा लागते. काळं अन् लाल. मले मालूम नोहतं. मी नुसतं काळं दाबू. फीत फिरे, मले वाटे भरून राहिली. तुहं गानं झालं का मागं फिरवून कान लावू. काहीच नाही. मंग बोट वर करू. दहा खेपा, डोमा. अकराव्या खेपेले कसं का होईना, दोन्ही दबले."

"सांगतलं काहून नाही?" डोमाजी म्हणाला.

"काय सांगू? मालगुजाराले मशीन चालवता नाही येत म्हनून? साऱ्या गावासमोर?" म्हाताऱ्याची मान खाली गेली. "अन् मंग तुहा गळा गेल्याचं ऐकलं. मंग त तोंडच नाही राह्यलं. आता पोरीकडे नागपूरले चाललो कायमचा. नातवं याच्यावर सिनेमाचे गाने भरतीन. तुहं हाय हे. तू ठेव."

त्यांनी काळं बटण दाबलं.

आधी गर्दीचा गलका आला. मग अगदी जवळून, कापडाच्या आडून, बारा वर्षांपूर्वीच्या भैयाजींची कुजबुज. "या खेपेले तरी येऊ दे गा देवा." आणि मग गवळण.

मी डोमाजीला सातआठ वर्षं ओळखत होतो. त्याचा आवाज मला त्या दिवशी कळला. दहा वेळा गाऊन थकलेला, तापलेला, कडेला चिरा गेलेला, आणि तरी असा की कपाटातल्या साऱ्या बायका त्यापुढे फिक्या वाटाव्यात. शिवाकाकांनी चांगला कान पुढे केला होता आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. शेवटच्या ओळीला आवाज फाटला. धडपा फाडावा तसा, मधोमध. त्यावर गर्दीतली हसण्याची लाट आली, आणि फीत संपली.

मला वाटलं, झालं. आता डोमाजी म्हाताऱ्याचे हात धरील, दोघं रडतील. एवढी वर्षं जपलेला राग असा एका बटणापायी वाया जाणार म्हणून मी थोडा खट्टूही झालो होतो.

डोमाजीनं उजव्या हाताचं बोट वर केलं.

"वन्समोर," तो म्हणाला.

ज्या जागेत त्या शब्दापायी माझा आठ दिवसांचा चहा बंद झाला होता, तिथं. भैयाजींनी गोंधळून फीत मागं फिरवली, पुन्हा लावली. पुन्हा ती कुजबुज, पुन्हा ती गवळण, पुन्हा तो फाटलेला गळा. बोट वर. तिसऱ्यांदा लावून झाल्यावर भैयाजी उठू लागले.

"डोमा, मले बस हाय नागपूरची."

"बसा जी," डोमाजी म्हणाला. "अकरा व्हाचे हायेत."

म्हातारा बसला. खुर्चीचे दोन्ही हात त्यानं घट्ट धरले. गाणं चालू असताना डोमाजी कुणाकडेच पाहत नव्हता. त्याचे ओठ हलत होते, बिनआवाजाचे, शब्दाला शब्द जुळवून. आपला गळा तो बारा वर्षांनी ऐकत होता आणि त्याची भूक भागत नव्हती. पण शेवटची ओळ जवळ आली की तो नजर उचलायचा आणि सरळ भैयाजींच्या तोंडाकडे पाहायचा. गळा फाटायचा ती जागा तो त्यांच्या चेहऱ्यावर पाहत होता. एकदा त्यांनी मान फिरवली, तर डोमाजीनं हलकेच हनुवटीला हात लावून ती परत वळवली.

पाचव्या वेळी फिक्का चहा पिणारा व्यापारी उठून गेला. सहाव्या वेळी शिवाकाका म्हणाले, "बस कर गा डोमा, म्हातारा हाय तो." डोमाजीनं ऐकलं नाही.

मी कडू माणूस आहे. पण सातव्यानंतर मला बसवेना. चालू गाण्यातून उठायचं नाही हा तिथला नेम मी कधी मोडला नव्हता. त्या दिवशी आठव्यांदा गवळण चालू असताना मी उठलो. निरोप घ्यायचा राहिला आणि मग कधीच घेता आला नाही. बदलीच्या गावाहून तिकडे पुन्हा येणं झालं नाही.

सायकल हातात धरून बोळीच्या वळणापर्यंत गेलो आणि मागं पाहिलं. गाणं नुकतंच संपलं होतं. भैयाजी त्या राखीव खुर्चीत मान खाली घालून बसले होते, मांडीवर टेपरेकॉर्डर होता, आणि त्यांच्यासमोर उभ्या डोमाजीचं बोट पुन्हा वर गेलं होतं.